आय सिरीज नसते

जोतीराम मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हता. कोल्हापुरात गाड्यांची नोंदणी होते त्या ऑफिसच्या कुंपणाबाहेर, झाडाखाली त्याचं टेबल असायचं. अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा आणि नंबर वाचणं हा त्याचा नाद. बैलबाजारात जाणता माणूस जनावराचे दात बघून वय सांगतो, तसा जोतीराम पाटीवर नजर टाकून गाडीची जन्मकथा सांगायचा. कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या साली रस्त्यावर आली, मूळची मुलकातली की बाहेरून आणलेली. लोक मुद्दाम गाडी आणून उभी करायचे आणि त्याचं तोंड बघत राहायचे.

नंबरांची नवी पद्धत आली तेव्हा भल्याभल्यांचा गोंधळ उडाला होता. जोतीरामने ती आपल्या परीने सोपी करून घेतली. तो समजावायचा, ‘‘पयली दोन अक्षरं म्हंजे मुलूख. मग दोन आकडे, ते गाव. आपलं नऊ. मग अक्षर येतंय त्ये भावकी, म्हंजे सिरीज. आन् शेवटाला चार आकडे, त्यो माणूस. कुनाची वळख इच्यारली तर आपुन आसंच सांगतोय का न्हाय?’’

‘‘आन् ह्या भावकीत दोन घरं न्हाईत,’’ तो बोट वर करून पुढे म्हणायचा. ‘‘आय आन् ओ. आय एकासारका दिसतोय, ओ शून्यासारका. म्हनून सरकारनं ती दोनी घरं बसवलीच न्हाईत.’’

ह्याच ज्ञानावर त्याचं नाव झालं होतं. गारगोटीकडचा एक शेतकरी जुनी जीप घेऊन आला, तिच्या सिरीजमध्ये ओ होता. जोतीराम गाडीभोवती फिरलासुद्धा नाही. लांबूनच म्हणाला, ‘‘पावणं, तुमाला फशिवलंय.’’ आणि ते खरं निघालं. तेव्हापासून पोलीससुद्धा अडला नंबर त्याच्याकडे पाठवू लागले. जो नंबर नियमात बसत नाही तो खोटा, आणि जो माणूस तो सांगतो तोही खोटा, अशी एक सरळ रेघ त्याच्या मनात तेव्हाच आखली गेली असावी. ती आखताना त्याला काही जाणवलं नाही.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात केरबा हवालदार दोन माणसांना घेऊन त्याच्या टेबलाशी आला. एक पस्तिशीची बाई होती. कपाळावर कुंकू नव्हतं, विभूतीचं बोट तेवढं होतं. मागे तिचा दीर प्रभुलिंग, टोपी हातात धरून.

‘‘मास्तर, ह्यो नंबर बसतोय का बगा जरा,’’ केरबा म्हणाला. ‘‘कुरुंदवाडच्या रस्त्याला टेम्पोनं माणूस उडिवलाय. शिवय्या नाव. ही त्येची बायकू, रत्नव्वा. हिच्या डोळ्याम्होरं झालंय.’’

‘‘सांग की वैनी,’’ प्रभुलिंग म्हणाला. ‘‘नीट आठवून सांग.’’

रत्नव्वाच्या घरात कानडी. मराठी ती जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखी बोलायची.

‘‘सायकलची चेन पडली. ह्यांनी खाली वाकून बसवत व्हते. मी पिशवी धरून हुबी. दिवं लागायचं व्हतं अजून. टेम्पो आला, उडिवला, थांबलाच न्हाई. मागची पाटी बगितलो मी. शेवटाला बावीस. आन् आय.’’

‘‘आय?’’

‘‘आय.’’

जोतीरामने पाठकोऱ्या कागदावर मुलूख लिहिला, गाव लिहिलं, मग इंग्रजी आय लिहिला, दोन आकड्यांची जागा मोकळी सोडून बावीस लिहिले. मग पेन्सिलीने त्या आयवर आडवी रेघ मारली.

‘‘आय सिरीज नसती, बाई.’’

‘‘व्हती की ओ. मोट्टं व्हतं. तांबडं.’’

‘‘टेम्पोची पाटी पिवळी आसती. त्येच्यावर काळं. तांबडं कुटनं आणलासा?’’

‘‘तांबडंच व्हतं.’’

केरबा हसला. आसपास अर्ज लिहून घ्यायला थांबलेली माणसं जवळ सरकली. जोतीरामला माणसं जमली की चढायचं.

‘‘इंग्रजी येतंय व्हय तुमास्नी?’’

‘‘न्हाई. मराठी चौथी झालोय.’’

‘‘मग आय कसा वाचलासा?’’

माणसं हसली. रत्नव्वाने तोंड उघडलं, जमलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. जोतीरामने तो प्रश्न म्हणून विचारलाच नव्हता. क्षणभर थांबला असता तर त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं. पण तो केरबाकडे वळला होता.

‘‘काय लिवू मग?’’ केरबाने विचारलं.

‘‘लिवा, आसा नंबर आस्तित्वात न्हाई.’’

‘‘चला वैनी,’’ प्रभुलिंग टोपी डोक्यावर घालत म्हणाला. ‘‘लोकांत हसं नको आनकी.’’

जाता जाता ती पुटपुटली, ‘‘मी वाचलो की.’’ ते त्याने ऐकलं होतं. ऐकलं होतं हे त्याला पुढे नीट आठवायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर ती एकटीच एस्टीने आली आणि टेबलापुढे उभी राहिली.

‘‘आण्णा, घरात म्हंत्यात मी बगितलोच न्हाई. सासू म्हंती, नवरा डोळ्याम्होरं गेला आन् हिला पाटी वाचता यीना. तुमी मोटे माणूस. टेम्पो गावू दे न्हाईतर न्हाई. तुमी दिराला तेवडं सांगा, ही बगितली म्हनून.’’

तेवढंच मागत होती ती. जोतीरामपुढे चार माणसं होती, त्यातला एक लकी नंबरासाठी हटून बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, ‘‘बाई, सरकारनं न काडलेली सिरीज मी कुटनं काडू?’’ पुन्हा माणसं हसली. त्याने मान वर केली तेव्हा ती गेटापलीकडे गेली होती.

मग वर्षं गेली. ऑफिसात संगणक आले. जोतीराम पाटी बघून जे सांगायचा ते आतला पोरगा बटण दाबून सांगू लागला. गाड्या आणून उभ्या करणारे कमी झाले. अर्जांवर त्याचं भागत होतं, नादाला मात्र गिऱ्हाईक उरलं नव्हतं. रिकाम्या दुपारी रस्त्यावरून जाणाऱ्या पाट्या तो मनातल्या मनात वाचत राहायचा.

दोन हजार सहा साली कोडोलीचा उदयसिंह नावाचा तरुण आला. वडिलांचा जुना टेम्पो भंगारात काढायचा होता, नोंदणी रद्द करायची होती. चेसिसवरच्या नंबराचा ठसा लागतो म्हणून जोतीराम त्याच्याबरोबर उद्यमनगरातल्या गॅरेजवर गेला. टेम्पोचा नंबर कागदावर होता, शेवटी बावीस. असे शंभर बावीस त्याच्या हाताखालून गेले होते. तो खाली वाकला, चेसिसवर कागद धरला आणि पेन्सिल घासू लागला. काळ्या शिशातून एकेक आकडा पांढरा उमटत होता.

टेम्पोमागे एक कामगार पत्रा विकायला म्हणून मागच्या झडपेचा, फाळक्याचा, रंग लोखंडी पट्टीने खरवडत होता.

‘‘ओ मास्तर, हिकडं या!’’ उदयसिंह हसत ओरडला. ‘‘आमची आय बगा, आय! इतक्या वर्सानं तोंड दाकीवलं की!’’

जोतीराम मागे गेला. निळ्या रंगाच्या खपल्यांखालून तांबडं अक्षर वर येत होतं. वीतभर उंच. आ. त्याच्या पुढे य.

‘‘आबांनी आमच्या आज्जीसाटनं लिवून घेतलतं,’’ उदयसिंह सांगत होता. ‘‘समदी ‘आयचा टेम्पो’च म्हनायची ह्येला. इचलकरंजीला सुताची बाचकी टाकायची आन् कुरुंदवाडातनं माल भरून माघारी यायचं, ही आबांची रोजची लाईन. रस्त्याकडंच्या च्याच्या गाड्यावर कुनाला बी इच्यारा, नंबर म्हाईत नसायचा, आय म्हाईत.’’

‘‘मग रंगिवला का?’’

‘‘काय की. एक दिवस आबा मुकाट निळा करून घिऊन आले. आज्जी वरीसभर बोलली न्हाई त्यांच्यासंगं. का रंगिवला म्हनून इच्यारलं की उटून भाईर जायाचे.’’

‘‘कवा ह्ये?’’

‘‘मी धावीला हुतो. सत्त्यान्नव. आता आबा बी न्हाईत, आज्जी बी न्हाई.’’ मग तो जोतीरामकडे बघून म्हणाला, ‘‘काय झालं ओ? ऊन लागलं काय?’’

जोतीरामने मान हलवली. हातातला ठसा त्याने घडी करून खिशात ठेवला. पाटीवरचा नंबर अगदी नियमात बसणारा होता. कुठल्याही पडताळणीत पास झाला असता.

घरी येऊन त्याने बायकोला, विठाबाईला, सगळं सांगितलं. ती निवडत होती ती मेथी तशीच ठेवून ऐकत राहिली.

‘‘ती बाई मराटी शाळेत गेल्याली,’’ ती म्हणाली. ‘‘ती आय म्हनल्यावर कुनाच्या बी डोक्यात आदी घरातली आयच येणार की. तुमच्याच डोक्यात तेवडी एबीसीडी.’’

‘‘पाटी म्हनली ती. पाटी म्हंजे नंबराची.’’

‘‘तुमची. तिला मागचं समदंच पाटी.’’ मेथीची जुडी पुन्हा हातात घेत ती म्हणाली, ‘‘आन् तिच्या घरात आयला अव्वा म्हनत आसतील. तिनं आपलं लिवलं हुतं तसं वाचलं. माया लावून न्हाई म्हनली, म्हनून तुमाला कळलं न्हाई.’’

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री त्याला तो हशा ऐकू यायचा. ‘मग आय कसा वाचलासा?’ ह्या प्रश्नात सगळं होतं. जिला इंग्रजी येत नाही तिने आय वाचला, म्हणजे तो मराठीत असणार. चौथीतल्या पोरालाही जमलं असतं. गाडीचा मालक आता कुणाच्याच हाती लागणार नव्हता. पण बाईने मागितलं होतं ते अजून देता येण्यासारखं होतं: ही बघितली होती, असं एका माणसाने सांगणं. तेवढंच मनात धरून तो एका सकाळी कुरुंदवाडच्या एस्टीत बसला.

रत्नव्वा घरातच कडक भाकरी करून विकते, असं गल्लीत कुणी सांगितलं. दार उघडं होतं. परातीपुढे बसून ती भाकरी थापत होती. केस पिकले होते. तिने त्याला ओळखलं नाही. त्याने नाव सांगितलं, झाड सांगितलं, टेबल सांगितलं. तिने पाट सरकवला.

त्याने टेम्पोचं सांगितलं. फाळक्याचं, निळ्या रंगाचं, खालच्या तांबड्याचं. हात जोडून म्हणाला, ‘‘तुमी बरोबर बगितलासा. चूक माजी. तुमच्या दिरास्नी सांगायला आलोय.’’

‘‘दीर गेले की. सासू त्याच्या आदी.’’

‘‘मग तुमाला सांगतोय.’’

ती भाकरी फिरवत राहिली. ‘‘न्हाई ओ आण्णा. मी बगितलोच न्हाई.’’

‘‘बगितलासा.’’

‘‘अंधार व्हता. डोळ्यात धूळ गेलती. तुमीच म्हनलासा की, आसा नंबर न्हाई म्हनून. पयल्यांदा मी भांडलो घरात. लई भांडलो. मग म्हनलो, आसंल. मोटे लोक म्हंत्यात तर आसंल.’’ ती शांतपणे बोलत होती, शेजारणीचं सांगावं तसं. ‘‘बगितलोच न्हाई म्हनल्यावर झोप लागाय लागली.’’

जोतीरामला तिथेच थांबता आलं असतं. पण बरोबर ते बरोबर म्हणवून घेतल्याशिवाय त्याला आयुष्यात कधी उठता आलं नव्हतं. त्याने हात लांब करून परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने दोन अक्षरं काढली. आ. य.

‘‘आसं व्हतं का न्हाई? फाळक्यावर? तांबडं?’’

रत्नव्वाने वाकून पाहिलं. हातातली भाकरी तशीच राहिली.

‘‘काना लांब व्हता ह्याच्यापरास,’’ ती म्हणाली.

‘‘बगा की!’’

‘‘खाली फूल व्हतं. रंग उडाल्यालं.’’ तिचा आवाज बदलला होता. ‘‘आन् साकळी. फाळक्याची एक साकळी सुटून लोंबत व्हती. खडखडत आली ती. ह्यांनी मान वर करून बगितले. मला कायतरी म्हनले...’’

तिचे पिठाचे हात हवेतच होते. तव्यावरच्या भाकरीला काळा डाग पडून धूर निघू लागला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

‘‘रत्नव्वा,’’ जोतीराम म्हणाला.

‘‘आण्णा,’’ ती म्हणाली, ‘‘आता समदं दिसायलंय.’’

त्याने घाईने तळवा फिरवून अक्षरं पुसली. ती तरीही तिथेच बघत राहिली.