एलिझर भाऊंना विचारलेला जाब

एलिझर तळेकरांना मी फसवलं. सायकलला पाणी भरायचे पितळी गुंड बांधून मी गावोगाव, पार बपेऱ्यापर्यंत विकले आहेत, घासाघीस करत भंडाऱ्याच्या बाजारात दुकान उभं केलं आहे. पण इतक्या स्वस्तात मी कधी कोणाला फसवलं नव्हतं.

एलिझर भाऊ माझ्या दुकानासमोर भांड्यांवर नावं कोरत. गिऱ्हाईक दरासाठी माझं डोकं खाऊन गुंड घेई आणि नाव घालायला हसत समोर जाई. मीही कोरायचं मशीन आणलं. शनिवारी भाऊंचं दुकान बंद असे, तेव्हा तरी लोक माझ्याकडे येतील! कोंढ्याची एक बाई म्हणाली, "राहू द्या शेठ, उद्या येतो. भाऊचं अक्षर पोरीच्या सासरी उठून दिसते." माझ्या अंगाची आग झाली.

भाऊ मराठी ज्यू, म्हणून शनिवारची सुट्टी. आजोबा कोकणातून तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत कारकून म्हणून आलेले. भाऊंची इकडची झाडीबोली माझ्याहून पक्की. कोरण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, "देनारा कोन? ज्यानं देल्लं त्याचंच नाव टाकीन."

टीव्हीवर तिकडच्या ज्यू देशाचं युद्ध सुरू झालं तेव्हा एक जण पेढेच घेऊन आला. "भाऊ, तुमच्या फौजेनं दाखवून देल्लं!"

"माझी फौज? माझा पुतण्या एसटीत कंडक्टर आहे बापा. त्याच्या हाती तिकिटाचीच मशीन आहे."

सगळे हसले. मला ते हसणंही खुपलं.

पुढे सामूहिक विवाहाच्या समितीने सगळ्या जोडप्यांची भांडी कोरायचं काम भाऊंना दिलं. मी तडक अध्यक्षांच्या घरी गेलो. "यांचे लोकं तिकडे लेकरं मारून राहिले, अन् तुमी नवरीच्या भांड्याले यांचा हात लावता?" ते भाऊंचे लोक नव्हेत, मी खोटं बोलतोय, हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

अध्यक्षांनी भर बैठकीत भाऊंना उभं केलं. "तुमच्या देशाच्या वतीनं माफी मागा, मंग काम करा."

भाऊ म्हणाले, "माझा देश हाच. ज्यू मी जन्मानं आहो. त्या सरकारले मी ना मत देल्लं, ना हुकूम. मेलेली लेकरं पाहून माझ्याही घशाखाली घास उतरत नाही, पन ते मानूस म्हनून. गुन्हेगार म्हनून मी माफी मागनार नाही."

काम मला मिळालं. भाऊ दुकान आवरून ठाण्याला मुलीकडे गेले. त्यांना पोचवायला निम्मा बाजार स्टँडवर लोटला होता. माझ्यासाठी दोन माणसं तरी येतील का, हे मोजत मी लांबच उभा राहिलो. यंदा ते ठाण्यालाच वारले.

मी सगळं कबूल केलं, तर अध्यक्ष आता म्हणतात, "जाऊ द्या शेठ, झालं गेलं." काहून जाऊ द्या? समुद्रापलीकडच्या सरकारचा जाब तुम्ही नावं कोरणाऱ्या माणसाला विचारलात. खोटं मी बोललो, तुमच्याच गावात राहतो, तरी मला एका शब्दाने विचारलं नाही. येत्या बैठकीत मला उभं करा. आणि माझ्या शेजारी तुम्हीही उभे राहा, अध्यक्ष. उत्तर तुम्हालाही द्यायचं आहे.