वर्गीकरणात मदत केली

आमच्या धुलाई कारखान्यात तिला सगळे चौघडी म्हणायचे. हातात कागद येवो, रुमाल येवो, बिलाचा चिटोरा येवो, बोलता बोलता ती त्याची चौघडी करून टाकायची. मालकांनी एकदा तिला नवीन दरपत्रक वाचायला दिलं, तर ते परत आलं तेव्हा आगपेटीएवढं झालं होतं. मालकांनी ते माझ्याकडे भिरकावलं आणि म्हणाले, "मॅनेजर, हिच्या हातात मला देऊ नका."

मॅनेजर म्हणजे मी. मॅनेजरचं काम असं, की वरून मालक ओरडले की आपण खाली ओरडायचं, आणि खालून कोणी ओरडलं की ऐकू न आल्यासारखं करायचं. हे काम मी अठ्ठावीस वर्षं उत्तम केलं. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घरी बसून माणसाला फार आठवतं, आणि मला आठवतं ते बहुतेक सगळं या पोरीबद्दलचं असतं.

तिची आई आमच्याकडेच इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होती. पोरगी एकोणिसाव्या वर्षी मोजणीच्या टेबलाला लागली. सकाळी कॉलेज, दुपारपासून चादरी. आमच्याकडे हॉटेलांचं आणि दवाखान्यांचं धुणं यायचं. चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं पांढरं, आणि एकदा ड्रममध्ये गेलं की कोणाचं काय ते देवालाच ठाऊक. शिक्के मारावेत तर पाच-सहा धुण्यांत पुसट व्हायचे, आणि जो पुसट व्हायचा नाही तो नेमका भलतीकडे जायचा. एका हॉटेलात नव्या जोडप्याच्या पलंगावर 'शस्त्रक्रिया विभाग' असं ठळक छापलेली चादर गेली होती. त्या नवरदेवाचा फोन मीच घेतला. अजून कानात आहे.

चौघडीने यावर उपाय काढला. कोणाला न सांगता एका लहान हॉटेलाच्या सगळ्या चादरींच्या कोपऱ्यात तिने निळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले. जेवणाच्या सुट्टीत बसून, डबा एका बाजूला आणि सुई एका बाजूला. मग दुसऱ्या हॉटेलाला हिरवा, दवाखान्याला लाल, आणि रंग संपले तेव्हा दोन दोन रंगांच्या जोड्या. तेवढ्यावर ती थांबली नाही. कुठला ड्रम किती वाजता कोणाचा, याचा तक्ता करून तिने तो भिंतीला लावला, म्हणजे दोन गिऱ्हाइकांचं धुणं एकत्र व्हायलाच नको. तीन महिन्यांत तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. मला तर फोन बिघडलाय की काय असं वाटायला लागलं.

मालक एकदा खाली आले, तक्त्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय नवीन?"

मी म्हणालो, "आम्ही एक पद्धत बसवतोय."

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा मॅनेजर! डोकं आहे हो तुम्हाला." थाप पडली आणि हात परत गेला, तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. 'माझं नाही, त्या पोरीचं,' एवढंच तर बोलायचं होतं. ती टेबलाशी दहा हातांवर उभी होती. माझ्याकडे बघून छान हसली. मालक आपल्या कामावर खूश झाले याचाच तिला आनंद झाला होता. मीही हसलो आणि मूग गिळून बसलो.

पुढे ते वाढतच गेलं. मला बढती मिळाली. धुलाईवाल्यांच्या संघटनेने मला भाषणाला बोलावलं, त्यांच्या मासिकात माझा फोटो छापला, आणि दुसऱ्या धुलायांतही ती पद्धत सुरू झाली ती 'मॅनेजरचा दोरा' या नावाने. बायकोने मासिक वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "तुम्ही टाके घालायला कधी शिकलात? शर्टाचं बटण तर अजून मी लावते." मी म्हणालो, कल्पना महत्त्वाची असते. तिने चष्मा पुन्हा लावला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चौघडी सव्वीस वर्षांची झाली तेव्हा एक दिवस दार लोटून माझ्या केबिनमध्ये आली. हातात दोन कागद. एक बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल, त्यात ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. दुसऱ्यावर तिने स्वतःच्या कंपनीचा आराखडा मांडला होता. गॅरेजवाल्यांचे, कारखान्यांतले, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातले तेलकट कामाचे कपडे कोणी नीट धुवून देत नाही, ते आपण द्यायचे.

"काका, दोन वर्षं शाळेत जाऊ की सरळ कंपनी काढू?" बिझनेस स्कूलला ती शाळाच म्हणायची.

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो. उत्तर नसलं की मॅनेजर लोक हा प्रश्न विचारतात.

"मला शाळेत जायचंय," ती म्हणाली. "कपडे धुता येतात हो मला. पण पन्नास माणसांचं काम कसं चालवायचं, बँकेत जाऊन काय बोलायचं, करार कसा वाचायचा, यातलं काही येत नाही. कंपनी काय, नंतरही काढता येईल. शाळा नंतर नाही होणार. आईची कंबर धड आहे तोवर ती घर चालवेल म्हणते. दोन वर्षं, त्याच्यापुढे नाही."

म्हणजे संधी एकदाच होती आणि ते तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. अर्जासोबत कामाच्या ठिकाणचं शिफारसपत्र लागत होतं. आमच्या कागदावर, आमच्या शिक्क्यानिशी. शिक्का मालकांच्या खणात असायचा आणि न वाचता मालक कशावरही शिक्का मारत नसत.

"तूच लिहून आण, मी सही करतो," मी म्हणालो. आमच्याकडे शिफारसपत्रं अशीच व्हायची. ज्याला हवं त्याने लिहायचं, साहेबाने सही ठोकायची. यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र आणलं. उमेदवार वक्तशीर आहे. हिशेबाला पक्की आहे. घाईच्या वेळी कधी कधी सहकाऱ्यांवर चिडते. पोरीने स्वतःचा दोषसुद्धा लिहिला होता! आणि 'संस्थेसाठी केलेले सर्वांत महत्त्वाचे काम' या रकान्यात एकच ओळ होती: 'चादरींच्या वर्गीकरणात मदत केली.'

मदत केली. मी ती ओळ तीनदा वाचली. पेन हातात होतं. 'मदत' खोडून 'ही संपूर्ण पद्धत हिने एकटीने शोधली आणि बसवली' असं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मग तो कागद मालकांच्या टेबलावर गेला असता. मालकांनी वाचून मला वर बोलावलं असतं, आणि मी काय सांगितलं असतं? बढती, मासिक, भाषण, सगळं डोळ्यांपुढे आलं.

मी 'वक्तशीर'च्या आधी 'अत्यंत' हा शब्द घातला आणि सही केली.

ती समोर उभीच होती. "अजून काही घालायचंय का, काका?"

"नको. छान झालंय. मुद्देसूद."

"बरं," ती म्हणाली. कागद घेऊन गेली. शिक्का मिळाला. मालकांनी वर मला शाबासकी दिली, की माणसं कशी पुढे पाठवता तुम्ही.

महिन्याभराने तिने सांगितलं, "शाळेचं राहू दे, काका. कंपनीच काढते." शाळेचे लोक नाही म्हणाले का, म्हणाले तर का, मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मी आपलं मनाशी ठरवलं की हजारो अर्ज येतात, एका ओळीने काय होतंय. खोटं कशाला सांगू, आधी हायसं वाटलं. अपराधी वाटलं ते मागाहून, आणि मग ते गेलंच नाही.

त्यानंतर मी तिच्यासाठी जे केलं ते पाहून लोकांनी मला मोठ्या मनाचा ठरवलं. मालकांच्या मागे लागून आमचा एक जुना ड्रम तिला देवविला. आम्हाला नको असलेली गिऱ्हाइकं तिच्याकडे वळवली. तिची पत्रं, दरपत्रकं, अर्ज तपासायला रविवारी सकाळी तिच्या शेडवर जाऊन बसायचो. ती सगळ्यांना सांगायची, "काका नसते तर मी उभी राहिले नसते." हे ती माझ्यादेखत सांगायची आणि मी चहात बघत बसायचो. तिची आई मात्र माझ्याशी बोलेनाशी झाली होती. मी समजूत करून घेतली की कंबर दुखत असेल.

कंपनी चालली, पण रडतखडत. गॅरेजांच्या गल्लीमागे पत्र्याची शेड, आत पाच ड्रम, अकरा बायका. ती स्वतः गाडी चालवून गाठोडी आणायची. पहिल्या करारावर तिने न कळता सही केली आणि वर्षभर नुकसानीत धुणं धुतलं. बँकेने तिचा अर्ज तीनदा परत पाठवला. एका मोठ्या कारखान्याचं काम हातातोंडाशी येऊन गेलं, कारण तिथल्या साहेबांनी विचारलेल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ तिला माहीत नव्हता. दर वेळी ठेच लागायची, दर वेळी ती हसून म्हणायची, "चला, एक धडा झाला." मला वाटायचं, हा धडा तुला शाळेत बाकावर बसून मिळाला असता. अशी नऊ वर्षं गेली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. त्याच बिझनेस स्कूलने तिला नव्या विद्यार्थ्यांपुढे बोलायला बोलावलं होतं. विषय होता, शिक्षण आधी की स्वतःची कंपनी. "भाषण लिहिलंय, काका. उद्या आहे. तुम्ही एकदा नजर टाका ना."

मी दुपारीच गेलो. शेडच्या कोपऱ्यात तिचं टेबल, बाजूला वाफेचा सुस्कारा, ड्रमांची घरघर. तिने कागद पुढे केला, पेन दिलं आणि समोर बसली. मी वाचायला लागलो.

'मीसुद्धा या शाळेचा अर्ज भरला होता. त्यात माझं सगळ्यात मोठं काम लिहायचं होतं. मला वाटायचं, मी फार काही केलंय. पण स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं, म्हणून मी लिहिलं, मदत केली. मनात आलं, माझे साहेब ते खोडून खरं काय ते लिहितील. माझे साहेब म्हणजे मी पाहिलेला सर्वांत प्रामाणिक माणूस. त्यांनी पत्र नीट वाचलं, एक शब्द वाढवला, पण ती ओळ तशीच ठेवली. तेव्हा मला कळलं की माझं काम तेवढंच होतं. मदत. मी तो अर्ज पाठवलाच नाही. मित्रांनो, आपली खरी उंची सांगणारा माणूस भेटणं हे भाग्य असतं.'

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शाळेने तिला नाकारलं नव्हतं. शाळेला ती माहीतच नव्हती. हजारो अर्ज वगैरे काही नव्हतं, एकच माणूस होता, आणि तो मी होतो. आणि नऊ वर्षं ही पोरगी स्वतःला कमी समजत आली होती, वर त्याबद्दल माझे आभार मानत होती.

मी 'प्रामाणिक' हा शब्द खोडला.

"काय चुकलं?" ती पुढे वाकली.

"दोरा तुझा होता," मी म्हणालो. "तक्ता तुझा होता. सगळंच तुझं होतं. मालकांना मी सांगितलं नाही."

"ते जाऊ द्या हो, काका. तुमच्याही डोक्यात तेच चाललं असेल. मी फक्त टाके घातले."

"माझ्या डोक्यात काही चाललं नव्हतं."

 टेबलावरचं एक बिल तिच्या हातात होतं, ते तिने तसंच खाली ठेवलं. "म्हणजे, सही करताना तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं, अजून काही घालायचंय का. तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

एका बाईने ड्रम बंद झाल्याचं ओरडून सांगितलं. चौघडीने तिच्याकडे न बघता हात वर केला. "आई तेव्हाच म्हणाली होती," ती म्हणाली. "म्हणाली, त्यांना सगळं ठाऊक आहे, तुझं नाव येऊ नये म्हणून गप्प बसलेत. मी आईला वाट्टेल ते बोलले. आठवडाभर तिच्या हातचं जेवले नाही. म्हटलं, काकांबद्दल असं बोलायचं नाही."

"माझं चुकलं," मी म्हणालो. याहून मोठा शब्द मला सुचला नाही.

तिचे डोळे भरले, पण आवाज साधा होता. "उद्या पोरं विचारतील, मग तुम्ही इथे का नाही शिकलात? आत्तापर्यंत माझ्याकडे एक उत्तर होतं. आता काय सांगू?"

"खरं ते सांग."

"तुमचं नाव घेऊन?"

संघटनेचे लोक आले, मासिक आलं, मालक आले, अजून मला 'दोरेवाले साहेब' म्हणून हाक मारणारी माणसं आली, सगळी माझ्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली. मी हो म्हणालो. पण ते 'हो' लगेच आलं नाही, जरा वेळाने आलं, आणि तेवढ्यात तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला होता.