मिठाच्या पोत्यांमागचा कॉलम

मी रेजा होते. आमच्याकडे बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. माझा नवरा मिस्त्री होता. लग्नानंतर काही वर्षं आम्ही गोंदियाकडच्या दवनीवाड्याला धानाची शेती सांभाळून आसपासच्या घरांच्या कामाला जायचो. नंतर ओळखीच्या एका ठेकेदाराने आम्हाला कोकणात नेलं. समुद्राकाठच्या त्या गावातली घरं लांबून छान रंगवलेली दिसायची. जवळ गेलं की छज्ज्यांच्या पोटातून सळया बाहेर आलेल्या असायच्या.

तिथं नवं काम कमी आणि दुरुस्ती जास्त. खारी हवा बारीक भेगांतून आत शिरते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि आपल्याच अंगावरचं काँक्रीट फोडते. मला हे कुणी शिकवलं नाही. नवरा हातोडीने ठोकत पुढे जायचा, मी मागून पडलेले तुकडे गोळा करायचे. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत यायचा, सुटलेल्याचा बद्द. काही महिन्यांत मला तो आवाज खालूनच कळू लागला. मी बोलत नव्हते. रेजाने बोलायची पद्धत नाही.

एका म्हातारीच्या घराची गॅलरी दुरुस्त करत असताना नवरा पडला. पहाडाचे, म्हणजे उभं राहायच्या परांचीचे, बांबू दमट हवेने शेवाळले होते. खुब्याजवळ हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डावा पाय आखूड राहणार हे डॉक्टरांनी लगेच सांगून टाकलं. ठेकेदार दोनदा दवाखान्यात येऊन गेला, मग त्याने दुसरं काम धरलं. गॅलरी अर्धी फोडलेली, सळया उघड्या, आणि आभाळ भरून यायला लागलेलं.

ती म्हातारी एकटीच राहायची. तिने दवाखान्यात पेज आणली. नवरा झोपला होता. ती मला म्हणाली, "गॅलरी कोण पुरी करणार गो? पाऊस आला की सगळं खाली येईल."

"दुसरा मिस्त्री पाहा," मी म्हटलं.

"दुसरा नाही मिळत या दिवसांत. तू रोज बघतेस ना? मग तूच कर."

मी केलं. सकाळी कामावर, संध्याकाळी दवाखान्यात. नवरा खाटेवरून विचारायचा, "सळईच्या मागूनबी फोडलं का? का नुसतं समोरूनच घासून राहिली?"

"मागूनबी फोडलं."

"गोड्या पाण्यानं धुतलं?"

"धुतलं."

"मंग रंग देऊन टाक सळईले. उद्यावर ठेवू नको."

इथवर ठीक होतं. पण गॅलरी पूर्ण झाल्याचं मी सांगितलं त्या दिवशी त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि नंतर काही विचारलं नाही. मला वाटलं पाय दुखत असेल.

तो काठी घेऊन चालू लागल्यावर आम्ही परत आलो. शेतीचं काम त्याला जमणार नव्हतं, म्हणून गावाऐवजी गोंदियाजवळ कुडव्यात खोली घेतली. नवरा अंगणात बसून सिमेंटचे छोटे ठोकळे पाडायचा. स्लॅब टाकताना सळई फळीला टेकू नये म्हणून खाली हे ठोकळे ठेवतात. हार्डवेअरवाले ते घ्यायचे. मी पुन्हा रेजा म्हणून जाऊ लागले. मी कोकणात काय केलं हे इथं कुणाला माहीत नव्हतं, आणि तो विषय नवरा घरात निघू देत नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर दुकानदाराचं घर. तो हिंदी बोलणारा, माझ्याच वयाचा, हसतमुख माणूस. एकदा मी खडा मीठ मागितलं तर त्याने आत वळून एक पोतं ओढलं आणि मला मिठाच्या पोत्यांमागचा कॉलम दिसला. पायापासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत तो फुगून चिरला होता. वरून नुकतंच प्लास्टर केलेलं होतं आणि तेही फुटलं होतं. गंजाचा लाल ओघळ फरशीपर्यंत आला होता.

कोकणातून परतल्यावर मी तसा ओघळ पाहिला नव्हता. इथं समुद्र कुठून येणार? पण पोती वर्षानुवर्षं त्याच कॉलमला टेकून ठेवलेली होती. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटत होतं, दुकान धुतलं की तेच पाणी कॉलमच्या बुडाशी साचत होतं.

मी म्हटलं, "भैया, प्लास्टर नहीं टिकेगा. अंदर का लोहा सड़ रहा है."

"दो बार करवाया," तो म्हणाला. "अच्छा मिस्त्री हो तो भेजो."

"मैं ही करती हूँ."

तो हसला. मग मी हसत नाही हे पाहून थांबला. मी त्याला पोती सरकवायला लावली आणि दुसऱ्या मजबूत कॉलमवर व या कॉलमवर तराजूतला वजनाचा दगड ठोकून दाखवला. आवाजातला फरक त्यालाही कळला. तरी तो म्हणाला, "ठीक है, करो. लेकिन तुम्हारा आदमी सामने बैठेगा."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. नवरा ठोकळ्यांचा साचा धूत होता.

"म्हंजे मी कायले बसू? देवासारखा?"

"त्याले भरवसा वाटते म्हणून."

"कोणाचा भरवसा? माया का तुया?"

 काम ठरल्या दिवशी मात्र तो माझ्याआधी तयार होऊन बसला होता.

कॉलम फोडायचा म्हणजे वरचा भार आधी दुसरीकडे घ्यावा लागतो. आम्ही बीमखाली लोखंडी जॅक लावले, त्यांच्या पायाखाली फळ्या दिल्या. दुकानदाराची बायको मुलं घेऊन बाजूच्या नातेवाइकांकडे गेली. त्याची आई मात्र वरच राहिली. ती म्हणे, घर सोडून आपण कुठे जात नसतो. दुकानदाराने हात जोडले, ती ऐकेना. मला ते पटलं नव्हतं, पण मी काम सुरू केलं. नवरा प्लास्टिकच्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी ठेवून गप्प बसला. येणारे जाणारे त्यालाच विचारायचे, "क्या चल रहा है मिस्त्री?" तो मान हलवायचा.

मी छिन्नीने सुटलेलं काँक्रीट उतरवत गेले. आतल्या सळया वाळलेल्या काडीसारख्या बारीक झाल्या होत्या. त्यांना गुंडाळलेल्या रिंगा तर हात लावताच तुटत होत्या. मी सळईच्या मागे हात घालून चुरा काढत होते.

"हात काढ!" नवरा ओरडला. "काढ हात! मांगं हो!"

मी मागे उडी मारली. एका जॅकखालच्या फरशीला भेग गेली होती आणि फळीसकट जॅक एका बाजूला कलत होता. फरशीखाली जुनी बुजवलेली नाली होती, ती कुणाला आठवली नव्हती. बीममधून कट असा आवाज आला. चुन्याची भुकटी खाली पडली.

नवरा खुर्चीतून उठला होता. काठी टाकून, भिंत धरून तो दुकानदाराला सांगत होता, "वो बल्ली लाओ! नाली के इस तरफ! इस तरफ!"

मी जिन्याकडे धावले. वर दुकानदाराची म्हातारी आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी उभी होती.

"माँजी, नीचे चलो."

"दाल चढ़ी है."

मी गॅस बंद केला, डाळीचं पातेलं पदराने धरून एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. ती पूर्ण जिनाभर मला शिव्या देत होती. रस्त्यावर आल्यावर तिने पातेलं माझ्याकडून घेतलं आणि झाकण उघडून डाळ सांडली का ते पाहिलं.

तोवर नवऱ्याने आणि दुकानदाराने पक्क्या जमिनीवर जाड लाकडी बल्ली उभी करून खालून पाचर मारली होती. बीम थांबला. वरच्या भिंतीत एक केसाएवढी चीर गेली, तेवढंच. दुकानदार पायरीवर बसून राहिला. 

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं.

"फरशी ठोकून पाहाची होती," नवरा म्हणाला.

"तुमी समोरच बसून होते. सांगतलं काऊन नाई?"

"मले कोणी विचारलं?"

"मले तरी तुमी कवा विचारलं? गॅलरी पुरी केली तवापासून एक शब्द नाई."

तो बराच वेळ काठीचं टोक जमिनीवर घासत राहिला. मग म्हणाला, "गॅलरी तू पुरी केली म्हणून मले राग नोता. तू मायाबिगर पुरी केली, त्याचा होता."

 मी ताट वाढलं. जेवताना त्याने सांगितलं की उद्यापासून फळी, जॅक आणि जमीन तो पाहील, कॉलम मी पाहायचा, आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय छिन्नी लागणार नाही. मी हो म्हटलं.

सळया घासल्या, कॉलमच्या बुडाला पुन्हा पुन्हा साधं पाणी मारून मीठ काढलं. बाजूने नव्या सळया उभ्या केल्या, नव्या रिंगा बांधल्या आणि भोवतीने साचा लावून काँक्रीट भरलं. साचा काढल्यावर ओलं तरट गुंडाळलं. त्याच्यावर पाणी मारायला म्हातारी रोज स्वतः यायची. दुसऱ्या कुणाला ती लोटा देत नव्हती. मिठाची पोती आता मागच्या पडवीत लाकडी पाटावर असतात.

कामं येऊ लागली, बहुतेक कुडव्यातली, एखादं सडक अर्जुनीपर्यंतचं. फोन अजून नवऱ्याच्याच नंबरावर येतो. तो आधी विचारतो, पाणी कुठून येते, वर न्हाणी आहे का, स्लॅब टाकला तेव्हा उन्हाळा होता का. सगळं विचारून झालं की म्हणतो, "थांबा, मिस्त्रीले देतो," आणि फोन माझ्याकडे देतो. पलीकडचा माणूस "हॅलो, मिस्त्री?" असं पुन्हा विचारतो. मी बोलायला लागते.

आमचं सगळ्याच गोष्टींवर एकमत होतं असं नाही. मागच्या पावसाळ्याआधी एका घराचा छज्जा पाहिला. मी म्हटलं, नुसतं पॅच करून भागेल. तो म्हणाला, छज्ज्याला सळई वरच्या अंगाला लागते, इथं ती खाली दबली आहे, पूर्ण पाडावा लागेल. आम्ही मालकासमोरच वाद घातला. शेवटी एका कोपऱ्यात फोडून पाहिलं, तर त्याचं बरोबर होतं. छज्जा पाडला.