मोरेश्वरभाऊंसाठी गेले आणि काम मलाच देऊ केलं

मंडळी, आज मन फार खट्टू झालंय, म्हणून लिहितेय.

आम्ही काही जण दर रविवारी पन्नाशी उलटलेल्यांना काम शोधायला मदत करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज मोरेश्वरभाऊंना घेऊन भंडाऱ्याच्या एका कापड दुकानात गेले. वय अठ्ठावन्न. अड्याळला तीस वर्षं हातमागावर लुगडी विणली, आता माग बंद आहे.

दुकानात त्यांनी एका साडीवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "हे साडी हातमागाची नाही जी, मशीनची आहे."

मालक हसले. "बरोबर ओळखलं काका. पण इथं दिवसभर उभं राहा लागते. आमाले जवान माणूस पाहिजे." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमीच येता का उद्यापासून?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊच हळूच म्हणाले, "हो म्हना ताई. एकाले तरी भेटन."

मी नाही म्हटलं. मग आम्ही बसने परत निघालो.

उतरताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का जी?"

मी "या" म्हणाले. पण विचारायला आता एकही दुकान उरलेलं नाही. ते आले की काय सांगू, तुम्हीच सांगा.