विरजण आणि हॉटस्पॉट

शेजारच्या सुमनताईंचं नेट ऐनवेळी गेलं. ‘जरा हॉटस्पॉट देता का हो? लेकीचा इंटरव्ह्यू आहे,’ त्या दारातूनच म्हणाल्या. मी चालू करायला गेले, तर फोनने बजावलं, या प्लॅनमध्ये हॉटस्पॉट नाही, तो वेगळा घ्या. शेवटी पोरीने माझ्याच फोनवर, माझ्या स्वयंपाकघरात बसून इंटरव्ह्यू दिला.

पैसे मी भरलेत, मग डेटा कुणाला द्यायचा हे ठरवणारी कंपनी कोण? मला तर संशय येतो, ही मंडळी आपल्याला काही विकतच नाहीत, नुसतं वापरू देतात. उद्या दही लावायच्या पद्धतीचंही कुणीतरी पेटंट घेईल.

संध्याकाळी सुमनताई वाटी घेऊन आल्या. ‘विरजण आहे का?’

ओट्यावरचा फोन मी आधी पालथा ठेवला, मगच दह्याचं झाकण काढलं.