अर्ध्या तोंडाची मशागत

देवाने समोर उभं राहून ‘वर माग’ म्हटलं, तर ‘आधी अर्धाच द्या, बघतो’ म्हणणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. धरणगावजवळ त्यांची कपाशी. बियाणं नवं असो की खत, अर्ध्या वावरात नवं, अर्ध्यात जुनं, आणि मग रोज बांधावर उभं राहून निकाल लावायचा. इथवर शहाणपण म्हणू. पण या गृहस्थांनी मिशीला कलपसुद्धा आधी एकाच बाजूला लावला, आणि पंधरा दिवस ते ध्यान बाजारभर फिरलं! लेकीच्या लग्नात डावी पंगत एका आचाऱ्याची, उजवी दुसऱ्याची. डावीकडची शेवभाजी बिघडली आणि व्याही नेमके डावीकडेच बसलेले. वर मामा त्यांनाच विचारतात, “समजनं ना, कोन चांगला शे?”

अशा माणसाच्या हिरड्यांतून गेल्या वर्षी रक्त येऊ लागलं, दात डुलू लागले. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा यांवर जगणारे मामा पार हादरले. कारण मामींच्या तोंडात एकही दात उरलेला नाही आणि टोचते म्हणून कवळी कायम डबीत. “जावाईबापू, मना दात वाचाडा, बाकी काहीच नको,” मामांनी माझा हातच धरला.

दोघांना घेऊन मी जळगावला, मेहरूणमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हिरडीखाली दातांच्या मुळांवर कीटण साचलंय, ते खरवडावं लागेल, हाताने किंवा मशीनने, असं बाई म्हणाल्या. मामांचे डोळे लकाकले. “डावी बाजू मशीनवरी करा, उजवी हातवरी. मंग देखूत!” बाईंना हसू आवरेना, पण तयार झाल्या बिचाऱ्या. अट एकच, रोज दोनदा ब्रश आणि तंबाखू बंद. “अर्धी बंद करू?” मामांनी विचारून पाहिलं. बाईंनी असे डोळे वटारले की पुडी तिथेच टोपलीत गेली.

पुढचे तीन महिने दिसेल त्याला मामा आ करून दाखवत आणि मत मागत. लोक रस्ता बदलायला लागले. शेवटी बाईंनी बारीक काडीने हिरड्या मोजून सांगितलं, “दोन्ही बाजू सारख्याच सुधारल्या. मशीनला वेळ कमी लागला, एवढंच.”

“पन मशीनमुये दात हालतस ना?”

“छे हो! कीटण निघाल्यावर थोडे दिवस मोकळे वाटतात, मग हिरडी आवळते. वेळेत साफ केले, तर कुणाचेही बरेचसे दात टिकतात.”

काही वर्षांपूर्वी मामींच्या हिरड्या अशाच सुजल्या होत्या, तेव्हा मशीनने दात हलतात असं पानटपरीवर ऐकून मामांनीच त्यांना दवाखान्याच्या पायरीवरून परत आणलं होतं.

“बठ्ठं अर्धं अर्धं करी देखं मी,” ते माझ्याकडे न बघता, मामींकडे हात करत म्हणाले. “इना दातेसनं तेवढं देखं नही.” मामी मात्र आपली पिशवी आवरत होत्या.

आता त्यांच्याकडे जेवायला गेलं की मामींच्या ताटात भाकरी दुधात कुस्करलेली असते आणि मामांच्याही. मामी चिडतात, “चावा ना! दात कसाले ठेयेल शेतस?” मामा मान खाली घालून मऊ घास गिळत राहतात, आणि खरं सांगतो, माझ्याच्यानेही मग कांदा खाववत नाही.