कंपाउंडरकाकांच्या काळजाचं वय

जिंतूरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांइतका जपून जगणारा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात सापडला नसता. त्यांचे वडील पन्नाशीतच छाती धरून गेले. आपण पन्नाशी ओलांडायचीच, एवढा एकच काकांचा हट्ट. डॉक्टरांनी कधीतरी त्यांना सांगितलं होतं की कातडीच्या पेशी नव्या येतात, काळजाच्या जवळजवळ येतच नाहीत. तेव्हापासून काकांनी काळीज सणाच्या धोतरासारखं घडी घालून ठेवलं. चहा सोडला, तिखट सोडलं, भांडण तर सोडलंच. डोळ्यांदेखत एसटी सुटली तरी पळायचे नाहीत. म्हणायचे, "जाऊ द्या, उद्याबी येतीय."

भेटेल त्याची नाडी खिशातल्या घड्याळावर मोजून ते काळजाचं वय सांगायचे. मी तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटत गावोगाव ओरडत फिरायचो. मला म्हणाले, "भैया, तुमचं वय बावीस, काळीज चाळिशीचं. लय तापायलाव तुमी." स्वतःचे ठोके मात्र त्यांनी दोन वर्षांत ऐंशीवरून चौसष्टावर आणले होते, आणि ते चौसष्ट बायकोपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना पाठ होते.

घड्याळ रोज सकाळी तहसीलच्या घंटेला लावायचे. दुपारपर्यंत ते पाऊण तास पुढे गेलेलं असायचं. ठपका घंटेवाल्यावर: "निजाम गेला, पण ह्याची झोप गेली न्हाई."

एकदा मी परभणी स्टेशनच्या घड्याळाशी मिळवलेलं माझं घड्याळ शेजारी धरलं. काकांचं मिनिट त्रेपन्न सेकंदांत संपलं! असत्य खपवून घ्यायचं नाही, असं पत्रकांतून सांगत आलेला मी माणूस, लगेच सांगून टाकलं, "काका, पुऱ्या मिनिटाला चौसष्ट नाही, बहात्तर." त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी कुणाचीच नाडी धरली नाही.

परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, पहिले ऐंशीसुद्धा त्याच घड्याळावरचे. म्हणजे उतार खराच होता! दुसऱ्या दिवशी धावत गेलो. काका दवाखान्याच्या पायरीवर चक्क चहा पीत बसले होते.

"काका, आधीही ऐंशी नाही, नव्वद होते! काळीज खरंच सावकाश झालंय तुमचं."

"आसंल, भैया." त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. "पोरीच्या लग्नात वाजंत्री वाजायली, समदे नाचायले, आन् मी खांबाला टेकून बसलो. पोर दोनदा वळून बघितली. तेवढ्यानं किती ठोके वाचले आसतील वो?"

मी पत्रकांचा गठ्ठा पायरीवर ठेवला आणि बशी उचलली.